‘पिक अप’चा बाऊ

इंग्रजी भाषेंतील जोडक्रियापदांचा आमच्या शाळांतून, आणि त्याहूनहि अधिक आमच्या गाइडांतून, जो बाऊ करण्यांत येत आहे, त्याविरुद्ध कोणीं तरी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ या इंग्रजी संज्ञेसाठीं आम्ही येथें ‘जोडक्रियापद’ हा शब्द वापरीत आहों. क्रियापद लहान, त्याच्या मागें ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असें एखादें चिमुकलें अव्यय, आणि दोहोंच्या मेळानें होणारा अर्थ मात्र दहा वाटांनीं फांकणारा, असा हा प्रकार. त्यांतील ‘पिक अप’ हें एकच क्रियापद आम्ही नमुन्यादाखल विचारास घेतों. तें आज सर्वांच्या तोंडीं आहे हें एक कारण. आणि त्याच्या शिकवणुकींत जो अन्याय होतो तो आमच्या मुलांवर होतो तसाच आमच्या भाषेवरहि होतो, हें दुसरें.

कोणतेंहि बाजारी गाइड उघडून पाहावें. ‘पिक अप’ या शब्दापुढें अनुक्रमांक घालून अर्थ मांडलेले आढळतील. एक, उचलणें, दोन, वाहनांतून घेऊन जाणें, तीन, सहज शिकणें, चार, आजार जडणें, पांच, पोलिसांनीं पकडणें, सहा, सुधारणें, सात, वेग वाढणें, आठ, स्वस्तांत मिळविणें, नऊ, रेडिओवर आवाज लागणें, दहा, सोडलेलें सूत्र पुन्हा हातीं घेणें. ही माळ कोठें दहावर थांबते, कोठें चौदावर. एका अर्थाचा दुसऱ्याशीं संबंध काय, याबद्दल अवाक्षर नाहीं. मुलानें तें सारें घोकावें आणि परीक्षेच्या दिवशीं ओकावें, एवढीच अपेक्षा. ही माळ वाचणाऱ्या मुलाच्या मनांत दोनच निष्कर्ष येऊं शकतात. ज्या भाषेंत शिकणें, आजारी पडणें आणि अटक होणें या तिन्ही गोष्टी एकाच शब्दानें सांगतात, ती भाषा वेड्यांची असली पाहिजे, हा पहिला. आणि ज्याअर्थीं एवढें मोठें जग ती भाषा बोलतें त्याअर्थीं मीच मठ्ठ असलों पाहिजे, हा दुसरा. खेड्यांतला मुलगा बहुधा दुसराच निष्कर्ष काढतो. आमचें भांडण आहे तें या निष्कर्षाशीं.

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं शिकवीत असतां या निष्कर्षाचे परिणाम रोज डोळ्यांपुढें दिसतात. उजनीच्या पाणलोटाच्या कांठच्या ऊस-केळीच्या गांवांतून आणि कोरडवाहू ज्वारीच्या गांवांतून येथें मुलें-मुली येतात. त्यांतील कित्येक जणांच्या घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारें तेंच पहिलें माणूस असतें. महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला. म्हणजे आजचा विद्यार्थी बारा वर्षें इंग्रजी शिकून आमच्यापुढें बसतो. असें असूनहि साधें इंग्रजी वाक्य बोलण्याची वेळ आली म्हणजे तो मान खालीं घालतो. त्याला शब्द येत नाहींत असें नव्हे. हे शब्द आपल्या समजुतीच्या पलीकडचे आहेत, त्यांना तर्क नाहीं, ते केवळ पाठ करणाऱ्यांस आणि शहरांत जन्मलेल्यांस वश होतात, असें त्याला बारा वर्षें शिकविण्यांत आलेलें असतें.

जोडक्रियापदांची अडचण काल्पनिक आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ सालीं आपला सुप्रसिद्ध कोश प्रसिद्ध केला. क्रियापदास मागून अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची इंग्रजीची ही रीत परकीयांस सर्वांत जड जाते, हें त्यानें त्याच्या प्रस्तावनेंतच कबूल केलें आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव लोगन पिअर्सल स्मिथ यानें १९२५ सालीं आपल्या पुस्तकांत रूढ केलें, आणि तें सुचविल्याचें श्रेय हेन्री ब्रॅडली या कोशकारास दिलें. म्हणजे इंग्रज लोक शतकानुशतकें हीं क्रियापदें वापरीत होते, पण त्यांना त्यांसाठीं ठरलेलें नांव नव्हतें. आणि नांवावांचून त्यांचें कांहीं अडलें नाहीं. १९३० सालीं सी. के. ऑग्डेन यानें परकीयांसाठीं ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची सोपी इंग्रजी रचली. तींत शब्द अवघे ८५० आणि क्रियापदें तर अठराच. इतक्या थोड्या भांडवलावर व्यवहार चालविण्याची युक्ति अशी कीं, ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ अशा क्रियापदांस अव्ययें जोडून बाकीच्या हजारों क्रियापदांचें काम त्यांच्याकडून करवून घ्यावयाचें. शब्दांची संख्या घटली; अर्थांची घटली नाहीं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत ‘सेट’ या एका क्रियापदाचे ४०० हून अधिक अर्थ नोंदले आहेत. आतां आम्ही गाइडकारांस असें विचारतों कीं, हे ४०० अर्थ क्रमांकवार पाठ केलेला एक तरी इंग्रज या पृथ्वीच्या पाठीवर झाला असेल काय? झाला नसेल, आणि तरीहि तो शब्द प्रत्येक इंग्रज मूल बिनचूक वापरतें, तर त्या शब्दांत शिरण्याचा मार्ग यादीहून निराळा असला पाहिजे.

तो मार्ग चित्राचा आहे. ‘पिक’ या शब्दाच्या जुन्या अर्थांत टोंचणें, टिपणें, खुडणें, निवडून घेणें अशा क्रिया येतात. पांखरू चोंचीनें दाणा टिपतें, बाई बोटांनीं कापूस वेचते, चोर खिशांतलें पाकीट अलगद काढतो, या साऱ्यांस इंग्रजींत ‘पिक’ चालतें. ‘अप’ म्हणजे वर. दोन्ही मिळून जें चित्र उभें राहतें त्याला तीन अंगें आहेत. कांहीं तरी सुटें, मोकळें पडलेलें आहे, हें पहिलें अंग. तें कोणी अलगद आपल्या ताब्यांत घेतो, हें दुसरें. आणि तें खालून वर येतें, हें तिसरें. एवढें चित्र मनांत धरून आतां गाइडांतली माळ पुन्हा वाचावी. बाजारांत, रस्त्यावर, शेजाऱ्यांच्या बोलण्यांत शब्द पडलेले असतात. गुरूवांचून ते टिपले म्हणजे भाषा ‘पिक अप’ झाली. गर्दींत रोग पसरलेला असतो. तो नकळत अंगीं आला म्हणजे तोहि ‘पिक अप’ झाला. जुन्या बाजारांत पडलेली वस्तु थोड्या पैशांत हातीं आली, हवेंत विखुरलेला आवाज यंत्रानें पकडला, रस्त्यावर हिंडणारा संशयित पोलिसांनीं ताब्यांत घेतला, रस्त्याच्या कडेला उभा असलेला उतारू गाडींत घेतला, हातांतून गळलेलें कथेचें सूत्र पुन्हा धरलें. या सर्वांत पहिलीं दोन अंगें आहेत. धंदा सुधारतो किंवा गाडी वेग घेते तेव्हां पहिलीं दोन अंगें फिकीं होतात आणि तिसरें, वर जाण्याचें अंग तेवढें उजळ राहतें. दहा अर्थ नाहींत. एक चित्र आहे आणि त्याच्याकडे पाहण्याच्या दहा जागा आहेत.

हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या शेतांतल्या मचाणावर गोफण घेऊन उभा राहिलेला आमचा विद्यार्थी पांखरांचें हें ‘पिक’ कोणत्याहि कोशकारापेक्षां अधिक जवळून पाहत असतो. त्याच्या भाषेंत त्यासाठीं ‘टिपणें’ हें क्रियापद तयार आहे. तो दाणे टिपणारें पांखरू हांकतो, वहींत टिपण करतो, आजीच्या डोळ्यांतलें पाणी टिपलेलें पाहतो, छायाचित्र टिपतो. या ‘टिपण्या’चे अर्थ त्याच्याकडून कोणीं पाठ करून घेतले होते?

‘टिपणें’ हें तर लहानसें उदाहरण झालें. ‘उचलणें’ या मराठी क्रियापदाचा विस्तार पाहिला म्हणजे गाइडकारांनीं आपली लेखणी खालीं ठेवावी अशीच स्थिति आहे. आम्ही ओझें उचलतों, मूल कडेवर उचलतों, फोन उचलतों. शिधापत्रिकेवरचें धान्य उचलतों, पेन्शन उचलतों. लग्नाचा खर्च उचलतों, कामाची जबाबदारी उचलतों. पाऊल उचलतों तेव्हां चालूं लागतों किंवा कांहीं उपाय योजतों. कोणावर हात उचलतों तेव्हां मारावयास धांवतों. विजापूरच्या दरबारांत अफझलखानानें विडा उचलला, ही कथा लहान मुलांसहि ठाऊक आहे. खंडोबाची तळी उचलणें हें पुण्यकर्म आहे, परंतु पुढाऱ्याची तळी उचलणें ही शिवी आहे. नातू आजोबांची लकब उचलतो, गवई दुसऱ्याची चीज उचलतो, आणि एखादा ग्रंथकार दुसऱ्याचीं पानेंच्या पानें उचलतो. मत उचलून धरलें जातें. अधिकाऱ्याची उचलबांगडी होते. जुनें दुखणें उचल खातें. आणि विचार न करतां बोलणाऱ्याबद्दल ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ म्हणून आम्ही मोकळे होतों. ही यादी आम्ही वीस अर्थांपर्यंत सहज नेऊं शकूं. शाळेचें तोंडहि न पाहिलेली बाई त्यांतील एकाहि अर्थाशीं चुकत नाहीं.

या क्रियापदापासून झालेल्या ‘उचल’ या नामाकडे जरा थांबून पाहणें अवश्य आहे. गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं ऊसतोडीचा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीस, म्हणजे त्या धंद्याच्या भाषेंत एका ‘कोयत्या’स, जी रक्कम आगाऊ देतो तिचें नांव उचल. ही उचल घेतली जाते, अंगावर बसते, हंगामभर कोयता चालवून फिटते, आणि फिटली नाहीं तर पुढच्या वर्षाच्या मानगुटीवर चढते. सोलापूर जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांच्या वाटेवरील कोणत्याहि शाळेंत या उचलीवर ज्यांचें घर चालतें अशीं मुलें बसलेलीं आढळतील. पैसा उचलला कीं माणूस स्वतःच उचलला जातो, हा या शब्दांतला भेद त्या मुलांना जितका कळतो तितका आम्हां प्राध्यापकांनाहि कळत नसेल. दुसरा शब्द ‘उचल्या’. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कांहीं जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट मोकळी केली, आणि तो कायदा १९५२ सालीं रद्द होईपर्यंत तो शिक्का सरकारी होता. लक्ष्मण गायकवाड यांनीं १९८७ सालीं आपल्या आत्मकथेस ‘उचल्या’ हेंच नांव दिलें. तिच्या इंग्रजी अनुवादास ‘द ब्रँडेड’ असें नांव द्यावें लागलें, म्हणजे ‘डागलेला’. ‘पिक अप’पासून तसलें नाम घडेना. जें ओझें ‘उचल्या’ या एका शब्दानें वाहिलें तें इंग्रजीस निराळ्या शब्दानें वाहावें लागलें.

एवढ्या सामर्थ्याच्या क्रियापदाचा जो मुलगा जन्मजात धनी आहे, त्याला आम्ही ‘पिक अप’ची माळ देऊन सांगतों कीं हें तुझ्या आवांक्याबाहेरचें आहे! वस्तुतः अर्धें ‘पिक अप’ त्याच्या खिशांत आधींच आहे. फोन, खर्च, पोलीस, लकब, जमिनीवरची वस्तु, या पांच ठिकाणीं इंग्रजीचें ‘पिक अप’ आणि मराठीचें ‘उचलणें’ हातांत हात घालून चालतात. धंद्यानें उचल खाल्ली म्हणतांना सहावें ठिकाणहि मिळतें. उरलेल्यांपैकीं आवाज पकडणें, बोलतां बोलतां शब्द आत्मसात करणें हीं ‘टिपणें’च्या हद्दींत येतात. शिक्षकानें फळ्यावर हीं दोन मराठी क्रियापदें लिहावींत, एकाखालीं एक मराठी वाक्यें मुलांकडूनच काढून घ्यावींत, आणि मग ‘पिक अप’ मांडावें. एका तासांत जें काम होईल तें गाइडाच्या दहा पारायणांनीं होणार नाहीं.

दोन्ही भाषा जेथें वेगळ्या होतात तीं ठिकाणें तर याहूनहि मोलाचीं आहेत. करमाळ्यास रेल्वे नाहीं. रेल्वेनें येणाऱ्या पाहुण्यासाठीं जेऊर स्टेशन गांठावें लागतें. त्या पाहुण्यास आम्ही जेऊरास ‘घ्यावयास’ जातों, ‘आणावयास’ जातों. ‘उचलावयास’ जात नाहीं. माणसास उचलावयास एक तर पोलीस जातात, नाहीं तर खांदेकरी. इंग्रजींत हा भेद नाहीं, आमच्या भाषेंत आहे. दुसरें उदाहरण आजाराचें. इंग्रज माणूस सर्दी ‘पिक अप’ करतो; वाक्याचा कर्ता तो स्वतः असतो. मराठींत मला सर्दी होते, मला ताप येतो, त्याला रोग जडतो. कर्तेपण आजाराकडे जातें आणि माणूस चतुर्थींत जाऊन बसतो. हा भेद एकदां उघड करून सांगितला कीं, सर्दी ‘कॅच’ करणें, ताप ‘हॅव’ असणें, असल्या दहा इंग्रजी वाक्यांचें कुलूप एका किल्लीनें उघडतें. यादी ही किल्ली देत नाहीं, कारण यादींत मराठी केवळ उजव्या बाजूचा रकाना भरण्यापुरती येते. ती स्वतः बोलत नाहीं.

व्याकरणाच्या दृष्टीनें पाहिलें तरी हा प्रकार आम्हांस परका नाहीं. संस्कृतांत एकाच ‘हृ’ धातूस निरनिराळे उपसर्ग लागून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे परस्परांपासून दूर असलेले अर्थ निघतात, हें आमच्या जुन्या पंतोजींनीं लहानपणींच मुलांस शिकविलें होतें. इंग्रजीचें ‘अप’ हा एक प्रकारें मागें लागणारा उपसर्गच आहे. वेदकालीन संस्कृतांत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटून दूरहि उभा राहत असे. इंग्रजींतहि ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्यामध्यें कर्म येऊन बसूं शकतें. मराठीनें यासाठीं दुसरें साधन निवडलें. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालच्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणां’त ज्या संयुक्त क्रियापदांचा ऊहापोह केला आहे, त्यांची करामत पाहावी. उचलून नेणें, उचलून आणणें, उचलून धरणें, उचलून देणें, उचलून टाकणें. इंग्रजी जें काम अव्ययाकडून करविते तें मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करविते. शिवाय ‘तो बोलून बसला’ यांतील पश्चात्ताप, ‘लिहून टाकलें’ यांतील सुटकेचा निःश्वास, ‘ऐकून घेतलें’ यांतील गिळलेला अपमान, या छटा इंग्रजीस असल्या दोन शब्दांत आणतां येत नाहींत. ज्या भाषेपाशीं हें धन आहे तिला दुबळी म्हणणारा मनुष्य स्वतःच्या घरच्या तिजोरीची किल्ली हरवून बसला आहे, असें आम्ही समजतों.

आतां प्रतिपक्षाकडे वळूं. इंग्रजी ही इंग्रजींतूनच शिकवावी, वर्गांत मराठीचा स्पर्शहि होऊं नये, असें म्हणणारा एक पक्ष आहे. मराठीचा आधार घेतला तर मुलें मराठींत विचार करून इंग्रजी बोलतील आणि चुका करतील, असें त्याचें म्हणणें. ज्या मुलाच्या कानांवर सकाळपासून रात्रीपर्यंत इंग्रजी पडतें त्याच्यापुरतें तें योग्य असेल. आमच्या विद्यार्थ्याच्या वांट्यास दिवसाकांठीं एक तास येतो, आणि तासाची घंटा झाली कीं इंग्रजी संपतें. त्याच्या डोक्यांत मराठी असणारच. तुम्ही वर्गाच्या दारांत ती अडविली तर ती खिडकींतून येते. ‘मी तुला स्टेशनवर उचलीन’ असें चमत्कारिक वाक्य जन्मास येतें तें दोन भाषांची तुलना केल्यामुळें नव्हे, तर ती तुलना मुलानें एकट्यानें, चोरून, कोणाच्या मदतीवांचून केल्यामुळें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिच्या पद्धतींत दोष असतील. परंतु दोन भाषा समोरासमोर उभ्या केल्या कीं दोन्हींवर उजेड पडतो, हें एक तत्त्व तिनें ओळखलें होतें. मोल्सवर्थ आणि कँडी हे तर परकीय. त्यांना आमच्या क्रियापदांचें अरण्य आमच्या मुलांस ‘पिक अप’चें वाटतें तितकेंच घनदाट वाटलें असलें पाहिजे. त्यांनीं त्यापुढें हात टेकले नाहींत. शास्त्र्यांस हाताशीं घेऊन, शब्दामागें शब्द आणि प्रयोगामागें प्रयोग गोळा करून १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति काढली.

दुसरा पक्ष परीक्षकांचा. यादी विचारणें सोपें, तपासणें सोपें, गुण देणें त्याहून सोपें. जोडक्रियापद आणि त्याचा अर्थ यांच्या जोड्या लावा, असें म्हटलें कीं परीक्षकाचें कर्तव्य संपलें. त्याऐवजीं चार ओळींचा उतारा देऊन, येथें ‘पिक अप’चा कोणता अर्थ आहे आणि तो कशावरून, एवढा एक प्रश्न विचारला तर गाइडांचा निम्मा बाजार एका वर्षांत बसेल. तो बाजार बसूं नये अशीच कोणाची इच्छा असेल तर गोष्ट निराळी.

कित्येक जोडक्रियापदांत चित्र असें उरलेलेंच नाहीं, हा आक्षेप मात्र आम्ही मान्य करतों. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणें. त्यांतल्या तीन शब्दांतून सोसण्याचा अर्थ काढूं पाहणारा मनुष्य थकून जाईल. अशीं क्रियापदें पाठच करावीं लागतील. आम्हीहि उचलबांगडींतली बांगडी कोठून आली हें न विचारतांच तो शब्द वापरीत आलों आहों. परंतु कांहीं दारें कुलूपबंद आहेत म्हणून उघड्या दारांसहि कुलुपें ठोकावयाचीं, हा कोठला न्याय?

तिसरा पक्ष सर्वांत सुशिक्षित आणि म्हणूनच सर्वांत अधिक जबाबदार, म्हणजे आमचा आपला मध्यमवर्ग. या लेखाचे वाचक बहुतेक त्यांतलेच, आणि आम्हीहि त्यांतलेच. तेव्हां हें बोलणें घरच्याशीं घरच्यासारखें आहे. आमच्या घरांतून आतां ‘मी तुला पांच वाजतां पिकअप करतो’, ‘मुलीनें कन्नड चांगली पिकअप केली’, ‘धंद्यानें अजून पिकअप घेतला नाहीं’ अशी मराठी सर्रास ऐकूं येते. एस. टी.च्या रस्त्याकडेच्या ‘पिकअप शेड’वर किंवा केळीचे घड वाहणाऱ्या ‘पिकअप’ गाडीवर आमचा राग नाहीं. नवी वस्तु आली कीं तिचें नांव तिच्याबरोबर येतें, आणि टेबल, पेन्सिल, स्टेशन या पाहुण्यांस मराठीनें कधींच घरचें करून घेतलें आहे. नाम उसनें आणलें तर घरांत एक भांडें वाढतें. क्रियापद उसनें आणलें तर चूलच दुसऱ्याच्या हातीं जाते. ‘पिकअप करणें’ हा एक प्रयोग आला आणि घ्यावयास येणें, शिकणें, उचलणें, टिपणें, उचल खाणें या पांच क्रियापदांस त्यानें बसल्या जागीं निवृत्त केलें. ‘करणें’ हें बिचारें हमाल झालें. येईल त्या इंग्रजी शब्दाचें ओझें डोक्यावर घेऊन तें धांवत सुटलें आहे.

यांतील विपरीतपणा असा कीं, ज्या घरांत सगळ्या मराठी क्रियापदांच्या जागीं एकटें ‘पिकअप करणें’ नांदतें, त्याच घरांतून ‘पिक अप’चे दहा अर्थ शिकविण्यासाठीं शिकवणीवाल्यास दरमहा पैसे मोजले जातात! मराठींतली भेद ओळखण्याची शक्ति घालवावयाची आणि इंग्रजींतली विकत आणावयाची, हा व्यापार कोणत्या हिशेबांत बसतो? जें मूल घ्यावयास येणें आणि उचलणें यांतला फरक जाणत नाहीं, त्याला इंग्रजींतल्या ‘पिक अप’ आणि ‘टेक अप’ यांतला फरक कोण आणि कसा समजावून देणार? भेदांची जाण एकाच डोक्यांत वसते. ती एका भाषेसाठीं निजलेली आणि दुसरीसाठीं जागी, अशी ठेवतां येत नाहीं. घरीं मराठी क्रियापदांचा खुर्दा करणारे आईबाप मुलाच्या इंग्रजीचेंहि नुकसानच करीत असतात.

यावर उपाय खर्चाचा नाहीं. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनीं संपादिलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळांत सात भागांत निघाला आणि त्यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४२ व १९४७ सालीं दोन भागांत निघाला. हे ग्रंथ प्रत्येक शाळेच्या कपाटांत असावेत, आणि ते मराठीच्या शिक्षकाइतकेच इंग्रजीच्या शिक्षकानेंहि हाताळावेत. एखादें इंग्रजी जोडक्रियापद शिकवावयाचें म्हणजे प्रथम त्याच्या जोडीचें मराठी क्रियापद काढावें. मुलांना त्याचे प्रयोग विचारावे. कोयत्यावरच्या, पेठेंतल्या, खंडोबाच्या, पोलीसठाण्याच्या भाषेस वर्गांत मानाचें पान द्यावें. आणि मग दोन भाषा कोठें भेटतात, कोठें पाठ फिरवितात, तें दाखवावें. ज्या मुलाच्या घरीं उचल आहे त्याला ‘उचल’ या शब्दावर चार वाक्यें बोलूं द्यावींत. इंग्रजीच्या तासास आपल्या घरच्या शब्दाची किंमत झालेली पाहिली कीं तो मान वर करून बसेल. आणि मान वर केलेल्या मुलास ‘पिक अप’ शिकविणें अवघड नाहीं.

इंग्रजीशीं आमचें वैर नाहीं. तिच्या जोरावर आम्ही चार बुकें वाचलीं आणि तिच्याच जोरावर आमचें पोट भरत आलें आहे. तिचीं जोडक्रियापदें ही तिच्या जिवंतपणाची खूण आहे, तशीं आमचीं ‘उचलणें’, ‘टिपणें’, ‘लागणें’, ‘बसणें’ ही आमच्या भाषेच्या जिवंतपणाची खूण आहे. आमचें वैर आहे तें यादीशीं, आणि यादी पुढें करून खेड्यांतल्या मुलास त्याच्या बुद्धीबद्दल साशंक करणाऱ्या शिक्षणाशीं. त्या मुलाच्या डोक्यावर बारा वर्षें जें ओझें ठेवण्यांत आलें आहे तें त्याचें नाहीं. तें ज्यांनीं ठेवलें त्यांनींच उचलावें.